वाचकांचे प्रश्न : टँडेम, सामान आणि समोरचा वारा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोन वर्षांपासून टँडेम सायकल चालवतो, हे पुढे बसतात, मी मागे. आतापर्यंत बिनसामानाच्या एकदिवसीय सहलीच झाल्या होत्या. अलीकडे प्रथमच चार पॅनियर (चाकांच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) आणि तंबू लादून लांबच्या प्रवासाला निघालो. तिसऱ्या दिवशी सगळी वाट उघड्या माळावरून होती आणि ९५ किलोमीटरचा पल्ला ठरला होता. सकाळी साडेनऊला निघालो, पण समोरून आणि थोडा उजवीकडून येणारा वारा दुपारपर्यंत इतका वाढला की वेग ताशी १२ किलोमीटरच्या वर जाईना. अखेर ५८ किलोमीटरवर थांबलो. यांचे खांदे भरून आले होते, मला बसवत नव्हते, आणि "तू पेडल मारतेस की नाही?" या एका वाक्यावरून रात्रीपर्यंत आमचे बोलणे बंद होते. शेजारून ट्रक गेला की सायकल त्याच्याकडे ओढली जाते, याचीही धास्ती बसली आहे. सामान चुकीचे लादले होते का? असा दिवस कसा आखावा? आणि मागे बसणाऱ्याने नेमके काय करायचे असते?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण ज्या वाक्यावरून तुमची संध्याकाळ बिघडली त्याचे मूळ वाऱ्यात आहे, तुमच्या पायांत नाही. टँडेमवर पुढच्या आणि मागच्या पेडलांना जोडणारी एक वेगळी चेन असते आणि तिच्यामुळे चारही पाय एकाच गतीने फिरतात. साथीदार किती जोर लावतो आहे हे पुढच्याला दिसत नाही. स्वतःच्या तळपायाखाली पेडल किती जड लागते यावरूनच त्याला ते ताडावे लागते. अडचण अशी की साथीदाराने जोर कमी केला तर पेडल जड होते, आणि वाऱ्याचा झोत आला तरीही ते तसेच जड होते. पायाला या दोहोंतला फरक कळत नाही. शांत हवेत लादलेली टँडेम स्वतःच्या वजनाने काही क्षण पुढे धावत राहते, त्यामुळे एकाने श्वास घेण्यापुरता पाय सैल सोडला तरी ते दुसऱ्याला जाणवत नाही. समोरच्या वाऱ्यात ही सवलत उरत नाही. त्या दुपारी तुमच्या पतींना जे जाणवले, ते बहुधा एकामागून एक येणारे झोतच होते.

त्यात आवाजाची भर पडते. वारा समोरून असला की पुढच्याचे बोलणे मागे वाहत येते आणि मागच्याचे शब्द आणखी मागे उडून जातात. त्यांचे वाक्य तुम्हाला खणखणीत ऐकू आले असेल, पण तुम्ही दिलेले उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसेल. आम्ही दोघे अशा दिवशी हाताच्या खुणा वापरतो : पाठीवर एक थाप म्हणजे "गिअर हलका कर", दोन थापा म्हणजे "मी सीटवरून उठते आहे", आणि तळहात पाठीवर तसाच ठेवला तर "थांबायचे आहे". पुढच्याने मात्र तोंडाने बोलत राहावे, कारण रस्ता आणि माळ त्यालाच दिसतो. झोत येण्याआधी पुढच्या गवताचे तुरे एकदम एका बाजूला झुकतात आणि ती लाट रस्त्याच्या दिशेने सरकताना दिसते. त्या क्षणी "झोत" एवढा एक शब्द मागे गेला की दोघांचे पाय एकाच वेळी सावध होतात, आणि पेडल जड झाले तरी संशय साथीदारावर जात नाही.

आता वेगाबद्दल. हवेचा विरोध अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगावर ठरतो आणि त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी १५ किलोमीटरने जाताना अंगावर १५ किलोमीटरचा वारा येतो. समोरून २० किलोमीटरचा वारा असताना हाच वेग ठेवायचा तर अंगावर ३५ किलोमीटरचा वारा येतो, म्हणजे हवेचा विरोध जवळजवळ साडेपाच पट होतो. दोघे, सायकल आणि सामान मिळून १९० किलो वजन आणि दोघांची मिळून चाकाला मिळणारी शक्ती २०० वॅट धरून मी सपाट डांबरी रस्त्याचा हिशेब मांडला. शांत हवेत ताशी सुमारे २४ किलोमीटर, २० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात १५, आणि ३० किलोमीटरच्या वाऱ्यात साडेअकराच्या आसपास असा वेग निघतो. तुमचा १२ किलोमीटरचा वेग या हिशेबात अगदी बसतो; त्यात कोणाचीही कसूर नव्हती. तसे पाहिले तर याच वाऱ्यात तुम्ही दोन वेगळ्या सायकलींवर असता तर हाल अधिक झाले असते, कारण टँडेमवर शक्ती दोघांची असते आणि मागचे शरीर पुढच्याच्या आडोशाला असल्यामुळे वाऱ्याला सामोरा जाणारा पसारा दुप्पट होत नाही.

याच हिशेबातली दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. २० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात दोघांनी २०० ऐवजी २५० वॅट लावले, म्हणजे श्रम सव्वापट केले, तर वेग १५ वरून जेमतेम १७ होतो आणि दहा किलोमीटरमागे पाच मिनिटे वाचतात. त्या पाच मिनिटांची किंमत दुपारनंतर मोजावी लागते, कारण सव्वापट श्रम शरीर सहा तास पुरवू शकत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी वेग सारखा ठेवण्याचा नाद सोडावा आणि श्रम सारखे ठेवावेत. वेग दाखवणारे यंत्र हँडलवर असेल तर मी त्या दिवशी ते चक्क झाकून ठेवतो. एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतकाच जोर लावायचा आणि जो वेग मिळेल तो मान्य करायचा, हे दोघांनी सकाळीच एकमेकांना सांगून टाकावे, कारण टँडेमवर एकाने ईर्षेने जोर लावला की दुसऱ्यालाही नाइलाजाने तेवढेच पाय फिरवावे लागतात.

गिअर लवकर आणि मोकळ्या मनाने उतरवावा. ताशी १२ किलोमीटर आणि मिनिटाला ८० फेरे असे गणित असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जायला हवी, २.१ मीटर घेराच्या चाकाला पुढे ३८ आणि मागे ३२ दाते असले की ते जुळते. घाटासाठी राखून ठेवलेले हे गिअर सपाटीवर वापरायचे पुष्कळांच्या जिवावर येते, आणि मग जड गिअरवर दिवसभर रेटून गुडघे धरतात. समोरचा वारा हा न संपणारा चढच आहे, असे समजून गिअर निवडावा.

तुम्हाला बसवत नव्हते, त्याचेही कारण याच सपाटीत आहे. चढ-उताराच्या रस्त्यावर दर उताराला पाय थांबतात, शरीर सीटवरून थोडे उचलले जाते आणि दाबलेल्या जागी पुन्हा रक्त फिरते. उघड्या माळावर समोरच्या वाऱ्यात उतारच येत नाही, आणि टँडेमवर एकट्याला पाय थांबवता येत नाहीत, त्यामुळे तासन्‌तास शरीर एकाच जागी दाबलेले राहते. मागच्याला हे अधिक सोसावे लागते, कारण पुढचा खड्डा त्याला दिसत नाही आणि धक्का बसण्याआधी अंग उचलता येत नाही. उपाय साधा आहे, पण तो नेमाने करावा लागतो. दर १५ मिनिटांनी, दुखत असो वा नसो, पुढच्याने सांगून दोघांनी एकदमच पाय थांबवावेत आणि तीन-चार सेकंद सीटवरून उठावे. त्या सेकंदांत वेग झपाट्याने पडतो आणि पुन्हा उचलायला श्रम पडतात, तरीही हा व्यवहार फायद्याचाच आहे. शिवाय तासाला एकदा खाली उतरून, वाऱ्याकडे पाठ करून, पाच मिनिटे चालावे.

खांदे भरून येतात ते बहुतेक वेळा हँडल आवळून धरल्यामुळे. कोपर ताठ असले की झोताचा प्रत्येक धक्का खांद्यांतून थेट हँडलमध्ये उतरतो आणि सायकल अधिकच वळवळते. कोपर वाकवावेत, बोटे सैल ठेवावीत आणि छाती थोडी खाली आणावी. इथेच मागच्याचे मोठे काम येते, ज्याची दखल क्वचितच घेतली जाते : कमरेवरचे शरीर स्थिर ठेवणे. मागच्याने मागे वळून पाहिले किंवा पॅनियरमध्ये हात घालायला तो वाकला तर आडव्या वाऱ्यात तोल सांभाळणाऱ्या पुढच्याला ते फार जड जाते. वळायचे झाले तर आधी सांगावे. याशिवाय पाणी, खाणे आणि घड्याळ यांची जबाबदारी मागच्याने उचलावी. पुढचा वाऱ्यात सुकत असतो आणि बहुधा गारठतही असतो, मागचा आडोशाला घामेजलेला असतो, त्यामुळे दोघांना तहान आणि थंडी एकाच वेळी जाणवत नाही. झोताच्या वाऱ्यात पुढच्याने पाण्यासाठी एक हात हँडलवरून काढणे धोक्याचे असल्यामुळे पाणी पिण्यासाठी थांबण्याचीच सवय ठेवावी, आणि ती वेळ मागच्याने ठरवावी.

दिवसाच्या आखणीत तुमची खरी चूक साडेनऊला निघण्याची होती. रात्री जमीन थंड होते आणि तिच्यालगतची गार, जड हवा वरच्या वेगवान हवेपासून तुटल्यासारखी स्वस्थ राहते. ऊन तापू लागले की हवा वर-खाली घुसळली जाते, वरचा वेग खाली उतरतो, आणि उघड्या प्रदेशात वारा साधारणपणे दुपारी सर्वांत जोरात असतो. सूर्यास्ताच्या सुमारास तो पुन्हा मंदावतो. तुम्ही पहाटे आवराआवर करून उजाडताच निघाला असता तर पहिले तीन तास बऱ्याच शांत हवेत मिळाले असते आणि बहुधा निम्मा पल्ला त्यातच पडला असता. मोठे वादळी क्षेत्र वरून जात असेल तेव्हा हा नियम चालत नाही. रात्रभर तंबू फडफडत राहिला तर सकाळकडूनही फार अपेक्षा ठेवू नये.

पल्ला किलोमीटरांत नव्हे, तासांत ठरवावा. सहा तास पेडल मारायचे ठरवले आणि वेग १२ धरला तर ७२ किलोमीटर होतात. ९५ चा आकडा त्या दिवशी कागदावरच राहणार होता. मुक्कामाच्या दोन जागा आधीच हेरून ठेवाव्यात, एक अलीकडची आणि एक पलीकडची, आणि कोणती गाठायची याचा निर्णय दुपारी घ्यावा. हवामान अंदाजातला वाऱ्याचा वेग मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, तुमच्या छातीच्या उंचीवर तो त्याहून कमी असतो. पण अंदाजात झोतांचा आकडा वेगळा दिलेला असेल तर आडव्या वाऱ्यासाठी तोच पाहावा. वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून पडते हेही ध्यानात ठेवावे, म्हणजे पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर असतो. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पातागोनियासारख्या प्रदेशात पश्चिमेचा वारा इतका नेमाचा आहे की मार्गाची दिशाच त्याला धरून ठरवणे शहाणपणाचे ठरते. जाऊन त्याच वाटेने परत यायचे असेल तर पाठचा वारा सगळी भरपाई करील, असे मात्र समजू नये. माझ्याच हिशेबात २० किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध ४० किलोमीटर जायला २ तास ४० मिनिटे लागतात आणि वारा पाठीवर घेऊन परतायला १ तास ५ मिनिटे. शांत हवेत हेच ८० किलोमीटर सुमारे २० ते २५ मिनिटे आधी संपले असते. नेमका आडवा वाराही फुकट जात नाही : सायकल आणि वारा दोघांचा वेग २० असेल तर पुढे जाण्याला होणारा हवेचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो.

यंत्र जवळ नसले तरी वारा डोळ्यांनी मोजता येतो. फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये आखलेल्या मापनश्रेणीचे जमिनीवरचे रूप आजही उपयोगी पडते. धूळ आणि सुटे कागद उडू लागले आणि बारीक फांद्या हलू लागल्या तर तो चौथा अंक, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. पालवी असलेली लहान झाडे डोलू लागली तर पाचवा, २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणे कठीण जाते तो सहावा, ३९ ते ४९. अख्खी झाडे हलू लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालायलाही त्रास होऊ लागला तर सातवा, ५० ते ६१. लादलेल्या टँडेमवर समोरून येणाऱ्या सहाव्या अंकात आम्ही सावकाश जातो, आडवा असेल आणि रस्त्यावर रहदारी असेल तर थांबतो. सातव्या अंकात दिशा कोणतीही असो, आम्ही निघत नाही.

सामान कसे लादले होते ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून काय तपासावे ते सांगतो. टँडेमवर माणसे दोन असतात, पण पॅनियरची जागा एका सायकलीइतकीच असते, त्यामुळे सामान उंच रचण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि त्याऐवजी सामानच कमी करावे. जड वस्तू पॅनियरच्या तळाशी ठेवाव्यात. पुढचे दोन्ही पॅनियर खाली, चाकाच्या आसाच्या पातळीला असावेत आणि त्यांचे वजन सारखे असावे, कारण आडवा वारा पुढच्या पॅनियरवर आदळला की तो चाकालाच वळवू पाहतो. मागचे पॅनियर दोघांच्या पायांच्या आडोशाला असतात, म्हणून फुगीर वस्तू मागे आणि लहान पण भरीव वस्तू पुढे, असे मी करतो. तंबू मागच्या कॅरिअरवर आडवा न ठेवता उभा, सायकलच्या लांबीत बांधावा. पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून खोचावीत. एकदा आमच्या पट्टीचे टोक तीन तास मडगार्डवर फटफट वाजत होते, आम्ही आळसाने दुर्लक्ष केले, आणि शेवटी ते मागच्या चाकाच्या तारांत गुंतले. चाक थांबण्याआधी पट्टी तुटली म्हणून आम्ही पडलो नाही.

ट्रककडे ओढले जाण्यात सामानाचा दोष नाही. वारा उजवीकडून असताना तुम्ही नकळत सायकल उजवीकडे किंचित कलती ठेवून चाललेल्या असता. उजवीकडून ट्रक आला की तो वारा अडवतो, कलण्याला आधार राहत नाही आणि सायकल ट्रकच्या बाजूला सरकते. ट्रक पुढे निघून गेला की अडलेला वारा एकदम येऊन तिला उलट बाजूला ढकलतो. पूल, कठडे, झाडांची रांग संपते ती जागा, या सर्व ठिकाणी हेच घडते. मागच्याने आरशात किंवा कानोसा घेऊन "ट्रक" एवढे आधी सांगावे, पुढच्याने रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून न चालता बाजूला हातभर जागा राखावी, आणि ट्रक शेजारी असताना हँडलने झटापट न करता पेडलवरचा जोर सारखा ठेवावा. बाजूला जागाच नसलेल्या अरुंद रस्त्यावर, मागून अवजड वाहनांची रांग येत असेल तर उतरून ती जाऊ द्यावी. यात कमीपणा काही नाही.

थांबल्यावर टँडेम भिंतीला किंवा खांबाला टेकवताना ती नेहमी वाऱ्याच्या बाजूने टेकवावी, म्हणजे वारा तिला आधारावर दाबून धरतो. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून हँडलवर ठेवावी आणि उभी करताना ब्रेकचा दांडा तिने आवळून टाकावा. लादलेली टँडेम वाऱ्यात पडते ती बहुधा आधी चाक फिरून सरकल्यामुळे.

प्रश्न : वाऱ्याच्या प्रदेशासाठी टँडेमला पॅनियर बरे की एका चाकाचा ट्रेलर?

उत्तर : नुसत्या समोरच्या वाऱ्याचा विचार केला तर ट्रेलर बरा, कारण तो दोन शरीरांच्या मागे, जमिनीलगत चालतो आणि पुढच्या चाकावर वारा धरणारे काही राहत नाही. मागच्या चाकावरचा भारही हलका होतो. पण आधीच लांब असलेली सायकल आणखी लांब होते, वळवणे आणि ढकलत नेणे अवघड जाते, आणि वेगळ्या मापाचे टायर व ट्यूब बाळगावे लागतात. उतारावर वेग वाढला की ट्रेलर डोलू लागतो आणि ते डोलणे मागच्याला आधी जाणवते. सामान चार पॅनियरमध्ये मावत असेल तर मी पॅनियरच घेतो. मावत नसेल तर उंच गठ्ठा बांधण्यापेक्षा ट्रेलर केव्हाही चांगला.

प्रश्न : धुळीच्या वाऱ्यात दिवसभर चालवल्यावर आमच्या टँडेमची डावीकडची, दोन्ही पेडलांना जोडणारी चेन खडखडते आणि एकदा उतरलीही. ती आवळावी की बदलावी?

उत्तर : आधी ती कोरड्या फडक्याने पुसावी, मग तेल द्यावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढावे; ओले तेल धूळ धरून ठेवते. त्यानंतर ताण पाहावा. पुष्कळ टँडेमवर पुढच्या पेडलांचा आस एका विकेंद्री (आस मधोमध नसून एका बाजूला असलेल्या) नळीत बसवलेला असतो आणि ती फिरवली की चेन ताणली जाते. चेनव्हील, म्हणजे पेडलांजवळचे दातेरी चाक, क्वचितच अगदी गोल असते, म्हणून पेडल हळूहळू फिरवत चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधावी आणि ताण तिथेच लावावा. त्या जागी चेनच्या मधोमध बोटाने दाबल्यावर सुमारे एक सेंटिमीटर खाली-वर व्हायला हवी. सैल जागेवर ताण लावला तर ताठ जागी बेअरिंगवर भार येतो आणि पेडल फिरताना अडखळते. विकेंद्री नळी पूर्ण फिरवूनही चेन सैल राहत असेल तर चेन झिजलेली आहे असे समजून बदलावी, आणि त्या वेळी दोन्ही चेनव्हीलचे दाते टोकदार झाले आहेत का तेही पाहावे. आवळण्यापूर्वी नळीवर आणि फ्रेमवर समोरासमोर खडूची खूण करावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुणा सरकलेल्या दिसल्या तर नळीचा बोल्ट पुरेसा बसलेला नाही.